माझ्याकडे सात बंद घरांच्या चाव्या आहेत, म्हणून सांगते

आमच्या फ्रीजवर एक चिनीमातीची बरणी आहे. सासूबाईंच्या काळात तिच्यात आमसुलं असायची, आता चाव्या असतात. सात घरांच्या, आणि एकेका घराच्या चारचार, म्हणजे पुढचं दार, मागचं दार, न्हाणीघर, पंपाची पेटी असं धरून अठ्ठावीस-तीस चाव्या, प्रत्येक जुडग्याला चिंधी बांधलेली, लाल चिंधी ठाण्याचे भाऊजी, हिरवी पुण्याच्या आत्या, असं. गुहागरच्या थोडं पुढे समुद्राच्या अंगाला आमची वाडी, घरं अठरा, त्यातली नऊ वर्षातून दहा-पंधरा दिवस उघडतात. आमचं घर पाणंदीच्या तोंडाशी, एसटीतून उतरलेल्याला आमच्या अंगणावरूनच जावं लागतं, त्यामुळे "वहिनी, एवढी चावी असू दे हां तुमच्याकडे" असं म्हणत म्हणत सगळ्या माझ्याच गळ्यात पडल्या. तक्रार नाही करत (थोडी करतेय, पुढे येईलच). पण अकरा-बारा पावसाळे लोकांची बंद घरं उघडून बघितल्यावर काही गोष्टी कळल्यात आणि दरवर्षी गणपतीच्या आधी तेच तेच फोनवर सांगून घसा बसतो, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू, मग नुसती लिंक पाठवली की झालं.

चाकरमान्यांना वाटतं घर पावसाने खराब होतं. अहो पाऊस बाहेर पडतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि जांभ्याच्या भिंती तो पिढ्यानपिढ्या झेलत आल्यात. घर खाते ती कोंडलेली हवा. जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की मिठाची बरणी उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत त्याचा चिखल होतो, तीच हवा बंद घरात शिरते, बाहेर जायला वाट नाही, मग ती गादीत, कपाटात, फोटोच्या काचेमागे जाऊन बसते आणि बुरशी धरते. मग पूर्वी नव्हती का ही हवा? होती की, पण चूल होती. पहाटेपासून रात्रीपर्यंत स्वयंपाकाची चूल, न्हाणीत पाण्याची वेगळी, तो सगळा धूर माळ्यावरून कौलांच्या फटीतून बाहेर जायचा, त्यामुळे वासे आणि रिपा काळ्याकुळकुळीत पण ना कीड ना बुरशी. सासूबाई म्हणायच्या घराला धूर लागतो. मला तेव्हा वाटायचं ही आपली जुनी बोलायची पद्धत, आता सात घरं सांभाळताना कळतं की त्या चक्क देखभालीचं वेळापत्रक सांगत होत्या.

तर मी काय करते, पंधरा दिवसांतून एकदा, तेही उघडीप असेल त्याच दिवशी, घर उघडते. पाऊस लागलेला असताना उघडायचं नाही हे आधी लक्षात घ्या, "वहिनी आज जाऊन या ना" म्हणून मुसळधार पावसात फोन येतात, तेव्हा उघडलं तर बाहेरची ओल आत घेण्यापलीकडे काही होत नाही. ऊन पडलं की पुढचं-मागचं दार आणि सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, कपाटांची दारं उघडायची, घमेल्यात निखारे घेऊन त्यावर नारळाची सोडणं आणि थोडा कडुनिंबाचा पाला टाकायचा आणि ते घमेलं खोलीखोलीत फिरवायचं, शेवटी माळ्याच्या खाली थोडा वेळ ठेवायचं. तिथून हलायचं नाही, निखारे आहेत. दोन तास. एवढ्याने घराला तो कुबट वास धरत नाही, आणि ज्यांनी कधी आठ महिने बंद असलेलं घर उघडलंय त्यांना मी कुठल्या वासाबद्दल बोलतेय ते कळेल, दार ढकललं की तोंडावर ओल्या फडक्यासारखा येतो तो.

ज्यांचं स्लॅबचं नवीन घर आहे त्यांना वाटतं आपल्याला याची गरज नाही. उलट तुम्हालाच जास्त आहे. कौलारू घर फटीफटींतून थोडं तरी श्वास घेतं, स्लॅबच्या घरात सरकत्या काचेच्या खिडक्या गच्च लावून जाता, म्हणजे डबाच झाला तो. खिडकीच्या वर जाळीचा झरोका ठेवा, न्हाणीघराचा एक्झॉस्ट फॅनचा गाळा बुजवू नका, त्याला बाहेरून बारीक जाळी मारा म्हणजे उंदीर येणार नाही.

गाद्या. लोक काय करतात, जाताना गादी मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटपट्टीने सील करून जातात, मनात समाधान की आता काही होत नाही. त्या गादीत मे महिन्याच्या घामाची आणि हवेची ओल आधीच असते ती तुम्ही आत कोंडून ठेवता, ऑगस्टमध्ये पिशवी उघडली की आत काळे ठिपके. गादी दोन दिवस कडक उन्हात टाका, गार होऊ द्या, आणि जुन्या सुती चादरीत गुंडाळून खाटेवर उभी ठेवा, भिंतीला टेकवू नका, खाली फरशीवर तर मुळीच नको. सिलिका जेलच्या पुड्यांचंही तेच, बुटाच्या खोक्यात आलेल्या चार पुड्या कपाटात टाकायच्या म्हणजे वाटीने समुद्र उपसायचा प्रकार आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात कॅमेरा, दुर्बीण, दागिन्यांची पेटी ठेवणार असाल तर तिथे त्या पुड्या खरंच कामाच्या. निळ्या दाण्यांच्या घ्या, ओल पिऊन गुलाबी झाले की कळतं, मंद आचेवर शेकले की परत निळे होतात, फक्त तो तवा स्वयंपाकाचा नको कारण ती निळाई कोबाल्टची असते, पोटात जायला चांगली नाही. कागदपत्रं, आजोबांचे फोटो, खरेदीखत वगैरे तर इथे ठेवूच नका बाई. घेऊन जा शहरात. बोरिवलीच्या काकांच्या घरी लग्नाचा अख्खा अल्बम एक वीट झालेला मी बघितलाय, पान सुटेना, सुटलं ते काकूंचं अर्धं तोंड घेऊन.

छपराबद्दल थोडक्यात. मे महिन्यात घर शाकारून घेतलंत तरी जूनमध्ये वानरं येतात आणि एका उडीत चार कौलं फोडतात. एक फुटकं कौल म्हणजे एक थेंब, एक थेंब म्हणजे कुजलेली रीप, मग वासा, मग वाळवी. मागच्या पडवीत पन्नासेक जास्तीची कौलं रचून ठेवा, आणि ती तुमच्याच घराच्या मापाची, कारण वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत. गड्याला मी बोलावू शकते पण कौल कुठून आणू.

आता कुलपं. पुण्याच्या आत्यांच्या मुलाने गेल्या वर्षी पुढच्या दाराला डिजिटल लॉक बसवलं, बोट लावलं की उघडतं, नाहीतर आकडे दाबायचे. मला म्हणाला काकू आता तुम्हाला चावी सांभाळायला नको. एप्रिलमध्ये मस्त चाललं. जुलैत मी गेले तर माझं बोट ओळखेना, पावसात दिवसभर काम करून बोटांच्या शेंगा झालेल्या असतात ते बिचारं ओळखणार तरी कसं, आकडे दाबले तर दिवाच लागेना, बॅटरी गेलेली. फोन केला तर म्हणाला खाली दोन टोकं आहेत त्याला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवा, तेवढ्यापुरतं चालू होईल. बरोबर आहे, बऱ्याच लॉकना तशी सोय असते. पण वाडीत नऊ व्होल्टची बॅटरी कोणाकडे? शेवटी भजनी मंडळाच्या जुन्या कॉर्डलेस माइकमधली काढली, छत्री मानेत धरून टेकवली, उघडलं. आतून बॅटरीचा कप्पा उघडून बघते तर सगळ्या स्प्रिंगांवर हिरवी बुरशी चढल्यासारखी, खारी हवा लागली की होतंच ते. आणि त्या लॉकला साधी चावीसुद्धा होती, ती पुण्यात. तर डिजिटल लॉक लावायचंच असेल तर लावा, पण त्याची चावी इथे वाडीत कोणाकडे तरी द्या, बॅटरी मे अखेर नवीन घाला, आणि मागच्या दाराला आपलं साधं पितळी कुलूप असू द्या.

साध्या कुलपाला पण दोन गोष्टी. एक म्हणजे सायकलच्या टायरच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापून कुलपावर टोपीसारखा लटकवा, कडीत अडकवायचा आणि कुलूप झाकलं जाईल एवढा खाली सोडायचा, पाण्याची झड सरळ चावीच्या भोकात जात नाही. वाडीत जुनी माणसं सगळी असं करतात, नवीन लोकांना ते गबाळं दिसतं. दुसरं, कुलपात खोबरेल तेल घालू नका. आमच्याकडे प्रत्येक दुखण्याला खोबरेल, मान्य आहे, पण ते आत चिकटून बसतं, धूळ धरतं आणि मग चावी फिरत नाही. शिलाई मशीनचं तेल घाला, तेही नसेल तर पेन्सिलीच्या शिशाची पूड. बिजागऱ्या, स्क्रू, खिडकीचे हुक नवीन बसवत असाल तर स्टीलवाल्याला विचारा स्टील कुठल्या प्रतीचं, ३०४ आहे की ३१६, समुद्राजवळ ३०४ ला पण तांबडे ठिपके येतात, ३१६ महाग आहे पण टिकतं. नाहीतर सरळ पितळ.

कॅमेऱ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ठाण्याच्या भाऊजींनी पडवीला दोन कॅमेरे लावले, मोबाईलवर दिसतात, कोणी आलं की फोनवर घंटा वाजते. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मला फोन, "वहिनी, पडवीत माणूस आहे." हे आणि मी काठी-बॅटरी घेऊन गेलो, पाणंदीत गुडघाभर पाणी, जाऊन बघतो तर कोणी नाही. दुसऱ्या रात्री परत. तिसऱ्या रात्री हे म्हणाले आता खरंच चोर आला तरी मी उठणार नाही. सकाळी स्टूल घेऊन चढले तर कॅमेऱ्याच्या तोंडावर हाताएवढं जाळं आणि मध्ये कोळी निवांत. त्याचं असं आहे की रात्री कॅमेरा आपल्याला न दिसणारा एक लाल उजेड टाकतो, त्याला किडे येतात, किड्यांना कोळी येतो, जाळं वाऱ्याने हललं की कॅमेऱ्याला वाटतं कोणीतरी चाललंय. वर ॲप सांगतं माणूस दिसला! एकदा मात्र खरंच कोणीतरी होतं, उदमांजर, पडवीच्या कठड्यावर बसून अंग चाटत होतं, त्याचा व्हिडिओ भाऊजींनी सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

कॅमेरा लावा, नको म्हणत नाही. पण तो बाहेर आगराकडे (माड-पोफळीच्या बागेकडे) तोंड करून लावण्यापेक्षा घराच्या आत दोन्ही दारांकडे तोंड करून लावा, आत किडे कमी. बाहेर लावलाच तर उजेडाचा दिवा कॅमेऱ्यापासून लांब, वेगळा लावा आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा रात्रीचा उजेड बंद करा. ॲपमध्ये ठरावीक भागच बघायची सोय असते, तिथे फक्त दार आणि पायरी निवडा, झाडं वगळा. आत मेमरी कार्ड टाका कारण जुलैमध्ये नेट चार दिवस नसणं इथे बातमी नाही. आणि रात्री घंटा वाजली तर आधी स्वतः चित्र मोठं करून बघा, मग फोन करा. एवढी दया करा.

त्याच कॅमेऱ्यापायी भाऊजींची बॅटरी पण गेली. घर बंद करताना त्यांनी कॅमेरा आणि राउटर इन्व्हर्टरवर चालू ठेवून दिले, म्हणाले लाइट गेली तरी दिसत राहील. दीडशे अँपिअर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर अठराशे वॅट-अवर, कॅमेरा-राउटर मिळून पंधरा वॅट, वाटतं की पाच दिवस चालेल, पण इन्व्हर्टर स्वतः पण खातो, नुसता चालू राहायला वीस-पंचवीस वॅट, म्हणजे दोन दिवसांत खलास. लाइट आली पाचव्या दिवशी. लेड-ॲसिडची बॅटरी रिकामी पडून राहिली की आतल्या पत्र्यांवर सल्फेट धरतं आणि मग ती चार्जच घेत नाही, इन्व्हर्टर तिला ओळखच दाखवत नाही. घर महिनोन् महिने बंद ठेवणार असाल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची वायर सोडवून ठेवा, डिस्टिल्ड वॉटर रेषेपर्यंत भरा, आणि महिना-दीड महिन्याने कोणाला तरी सांगून एक दिवस चार्जिंगला लावा. विहिरीचा पंप पण असाच, पंधरा दिवसांनी दहा मिनिटं चालवला नाही तर ऐन चतुर्थीला जाम. मी चालवते, पण मला कळलं पाहिजे ना कुठलं बटण. वीज-बोर्डावरच्या प्रत्येक खटक्याखाली मराठीत चिठ्ठी चिकटवा, "पंप", "पडवी", "माजघर", वर पारदर्शक चिकटपट्टी. फ्रीज रिकामा करून, पुसून, प्लग काढून, दारात टॉवेलची घडी घालून किलकिला ठेवा, बंद केलात तर आत काय उगवेल ते मी सांगत नाही. वॉशिंग मशीनचं झाकण पण उघडं.

विजांचं भय खरं ऐन पावसाळ्यात तेवढं नसतं, जास्त असतं ते मेच्या वळवाला आणि मग ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाला. ऐन गणपतीत निवांत असता आणि मग टीव्हीचा प्लग तसाच ठेवून निघून जाता, ऑक्टोबरमध्ये एक कडकडाट होतो, संपलं. प्लग काढून जा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. फायबरचं इंटरनेट आहे म्हणून राउटर सुरक्षित असं नाही, फायबर काचेची असते तिच्यातून वीज येत नाही पण ॲडाप्टर तर भिंतीतच खुपसलेला असतो. अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर ज्यांची घरं आहेत त्यांनी तर नक्कीच, खाली नुसता कातळ, उन्हाळ्यात तो ठार कोरडा होतो आणि अर्थिंग नावाला उरतं, खड्ड्यात कोळसा-मीठ घालून पाणी सोडायला लागतं. इथे असाल तेव्हा फोनवर दामिनी ॲप ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं आहे, जवळपास वीज पडायची लक्षणं असली की सांगतं, आगरात काम करणाऱ्या माणसांना तर फारच उपयोगी. आमचा गडी शिकलाय बघायला.

नेटवर्कचं रडगाणं सगळे गातात, "वहिनी तुमच्याकडे रेंजच नाही", आणि मग दगडावर चढून हात वर करून उभे. घरात वायफाय असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग म्हणून असतं ते चालू करा, साधा कॉल वायफायवरून जातो, वेगळं ॲप लागत नाही, वेगळे पैसे सहसा लागत नाहीत. निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं. राउटर माजघरात मध्यावर, उंच ठेवा. जांभ्याची दीड फुटाची भिंत त्यात ती पावसाने भिजलेली, पाच गिगाहर्ट्झवालं वायफाय तिथेच दम तोडतं, फोन दोन पॉइंट चारवर जोडा, वेग कमी पण ओटीपर्यंत पोचतं. आणि नेट गेल्यावर यूपीआय पण जातं, दुकानात जाऊन मोबाईल हलवत उभं राहण्यापेक्षा पाचशेच्या नोटा नकोत, शंभर-पन्नासच्या आणा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा तर काहीच नव्हतं, लाइट नाही, फोन नाही. आमच्यापेक्षा दापोली, मंडणगड आणि तिकडे श्रीवर्धनला फार हाल झाले, नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या. नंतर पंचनामे सुरू झाले तेव्हा ज्यांची घरं बंद होती त्यांची खरी पंचाईत, घर आधी कसं होतं हे दाखवायला काही नाही, छप्पर किती होतं, आगरात माड किती होते, कोणाच्या तोंडी आकडे. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की मे महिन्यात निघताना एक पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा, बाहेरून चारी बाजू, छप्पर, आतून एकेक खोली, आगरातली झाडं मोजत मोजत, आणि तोंडाने तारीख बोला. फुकटचं काम आहे. सातातल्या दोघांनी काढला. बाकीचे "हो हो" म्हणाले.

बंद घर उघडल्यावर पहिल्या तासाभरात काय करायचं ते पण सांगते कारण इथे मात्र हलगर्जीपणा अंगाशी येतो. दार उघडून थेट आत घुसू नका, उंबऱ्यावर काठी आपटा, आवाज करा, दहा मिनिटं बाहेर थांबा. फुरसं, तो विषारी साप, एवढंसं असतं, चपलेखाली, लाकडाच्या मोळीखाली, रचलेल्या कौलांत बसतं, रात्री फिरतं. अंधारात हात घालून काही ओढायचं नाही, अंथरूण झटकल्याशिवाय पाठ टेकायची नाही, बूट उपडे करून आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही, विंचवासाठी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध चालतं हे दाखवून दिलं आणि माणसं वाचायला लागली, त्याआधी आमच्या आजीच्या पिढीत विंचू चावून पोरं गेलेली आहेत, तेव्हा उतारा-मंत्र करत बसू नका, साप असो विंचू असो, १०८ ला फोन नाहीतर मिळेल ती गाडी आणि सरळ सरकारी दवाखाना. उंदरांचं मूत पडलेलं असतं सगळीकडे, लेप्टोचा ताप त्यातूनच होतो, म्हणून झाडलोट करताना गमबूट आणि रबरी मोजे घाला, पायाला जखम असेल तर तुम्ही बाहेर ओट्यावर बसून चहा करा आणि दुसऱ्याला झाडू द्या. पण चहाच्या आधी गॅसची नळी बघा! उंदीर कुरतडतात. साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघायचं, वास आला तर कुठलंही बटण दाबायचं नाही, आधी खिडक्या.

प्रवासाचं मी काय सांगणार, तुम्हीच त्यातले पटाईत. फक्त दोन चुका दरवर्षी होतात. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीचे एकशे वीस नाही, तरी काही जण जुन्या हिशोबाने बसतात. आणि तात्काळसाठी एसीला सकाळी दहा, बिगर एसीला अकरा, शिवाय आता तिकिटाच्या आयआरसीटीसी खात्याला आधार जोडलेला लागतो, ते आदल्या रात्री नाही, महिनाभर आधी करून ठेवा. दुसरी चूक परतीची. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या घाटात-कपारीत हळू चालवतात, त्यामुळे स्टेशनवरच्या वेळा बदलतात, काही गाड्या नेहमीपेक्षा आधी येतात आणि माणूस मे महिन्यातली वेळ डोक्यात ठेवून निघतो. आमच्यापासून चिपळूण स्टेशन पन्नास किलोमीटर, त्यात घाट, गाडी गेली की गेली. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने येणार असाल तर वादळी हवेत आधी फोन करून विचारा, बंद असली तर चिपळूणवरून उलटा फेरा पडतो.

आणि आता ती तक्रार.

चावी ठेवणाऱ्या माणसाला "सहज एक चक्कर मारून या" असं म्हणू नका. सहज काही नसतं. सात घरं, दोन-दोन तास, उघडीप मिळाली की त्याच दिवशी, आणि त्याच दिवशी माझे पण कपडे वाळायचे असतात. गड्याची मजुरी, पंपाचं बिल, झाडलोट करणाऱ्या बाईचे पैसे हे मी खिशातून घालून वहीत लिहायचं आणि मग गणपतीत आरती झाल्यावर "वहिनी किती झाले हो" असं सगळ्यांसमोर विचारायचं, हे फार अवघड होतं बाई, काय सांगू किती ते. मग मी अर्धेच सांगते आणि रात्री स्वतःवर चिडते. बोरिवलीच्या काकांनी यावर छान तोडगा काढला, दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम यूपीआयने येते, मी खर्च लिहून व्हॉट्सॲपवर वहीचा फोटो टाकते, विषय संपला, आणि येताना काकू मला आवडणारी बाकरवडी आणतात ते वेगळं. सामाईक घर असेल तर चुलत्यांनी आपापसात ठरवून एकाच माणसाने मला फोन करायचा. एक म्हणणार फणस द्या कोणाला तरी, दुसरा विचारणार आमचे फणस गेले कुठे, मी काय फणसाची राखण करायला ठेवलेय? वीजबिल पण कोण भरतो ते ठरवून ठेवा, मीटर आजोबांच्या नावावर आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने भरलं, आणि एक दिवस माणूस येऊन लाइट तोडून जातो, ते बघायला पण मीच. आणि तुमचे मित्र राहायला येणार असतील तर मला एक मेसेज करा की हो, गेल्या मे महिन्यात चार अनोळखी पोरं पाणंदीतून चावी मागायला आली, मी नाही दिली, त्यांना वाटलं म्हातारी खडूस आहे. मी म्हातारी नाहीये.

सातवी चावी, निळी चिंधी, तिच्या मालकांचा चार वर्षं फोन नाही. नंबर लागत नाही. त्या घरात मी धूर देतेच, कारण त्यांची मागची भिंत आणि आमच्या गोठ्याची भिंत एकच आहे, वाळवी काही मालक विचारून येत नाही. त्यांच्या नातेवाइकांपैकी कोणी हे वाचत असेल तर ओळख पटेल, वाडीत काचेची रंगीत तावदानं असलेलं एकच घर आहे. मला पैसे नकोत, पण स्वयंपाकघरावरची आठ कौलं गेलीत आणि त्या मापाची मला मिळत नाहीयेत.

हे लिहिता लिहिता ऊन पडलंय. दोन घरं होतील आज.